हातचा

शम्सा बाईंची गाडी काल सकाळी
स्वतःच्या चाकांवर चालत आली, हे आधी सांगतो.
तक्रार एवढीच :
निजवा ते मस्कत, रोजचा रस्ता, रोजचा एसी,
घरी पोचेस्तोवर उरायचे एकतीस टक्के
ते परवापासून बावीस उरतात.
"नऊ कुणी खाल्ले?"
बाई शाळेत गणित शिकवतात. हिशोब मागतात.

घलातल्या आमच्या शेडमध्ये
मी गाडी लिफ्टवर घेतली.
नारंगी केबलला हात लावण्याआधी रबरी मोजे,
त्यांच्या आत सुती मोजे, त्यांच्या आत घाम.
शहाण्णव सेल. एकेकाला विचारत गेलो :
तीन पॉइंट आठ दोन, तीन पॉइंट आठ दोन,
एकाहत्तर नंबर जरा मागे, तीन पॉइंट सात नऊ.
असतोच वर्गात असा एक.
कूलंट पुरेसं. नट घट्ट.
जळल्याचा वास कुठेच नाही.

वास हे माझं जुनं मीटर.
देवरुखला, स्टँडमागे, काकांच्या गॅरेजात
अ‍ॅसिडची बॅटरी मी नाकानं ओळखायचो.
रबरी फुगा दाबायचा, नळीतला काटा तरंगतो का बघायचं,
मेली तर मेली.
रात्रीतून मत बदलायची सोय तिला नव्हती.

तन्वीर मुकादमनं लॅपटॉप जोडला.
कॉफीचा कप बॉनेटवर ठेवू नको म्हटलं तरी ठेवला.
म्हणाला, "उघडून काय बघतोस?
परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी बदललीय ही."
गाडी दारात, बाई झोपेत,
आणि कुणीतरी कुठूनतरी तिला निरोप धाडला :
पंचेचाळीसच्या वर तापलीस तर घाईनं चार्ज पिऊ नकोस.
वरचं थोडं, खालचं थोडं, झाकून ठेव.
एकाहत्तरला सांभाळून घे, त्याच्या चालीनं चाल.
एक स्क्रूसुद्धा फिरला नव्हता.

साडेबारा झाले.
समोर रस्ता खणणारी माणसं
फावडी टाकून पुलाच्या सावलीत सरकली.
जून ते ऑगस्ट, कायदाच आहे तसा.
एकजण डोक्याखाली हेल्मेट घेऊन
लगेच झोपला.

बाईंना कसं सांगायचं?
माझी अरबी नटबोल्टांपुरती.
पावतीच्या मागे बेरीज मांडली,
सात आणि पाच बारा, दोन लिहिले,
वर डोक्यावर बारीक एक काढला
आणि मूठ मिटून दाखवली.
बाई हसल्या. हे त्या रोज तिसरीला शिकवतात.
"म्हणजे गेले नाहीत. हातचे आहेत."
"हो, हातचे."
मग पेन माझ्याकडून घेतलं,
त्या बारीक एकाभोवती गोल केला :
"गाडीचे पैसे मी भरले.
मग हा हातचा
कुणाच्या हातात आहे?"

तन्वीरनं कप उचलला.
बॉनेटवर गोल डाग राहिला, तो मी पुसला,
पुन्हा पुसला.

बिलावर लिहिलं : तपासणी. दोष आढळला नाही. पाच रियाल.
देताना त्यांनी मोजून दिले.

रात्री सुलक्षणाचा फोन.
कौलांचं काम काढलंय, किती पाठवशील?
मी आकडा सांगितला.
ती गप्प राहिली, मग म्हणाली,
"खरा सांग."
तिच्याकडे ना लॅपटॉप, ना केबल.
अठरा वर्षं ती आवाजावरून ओळखते
मी शून्य म्हणालो की खाली किती आहे.

पंखा गरम वारा फिरवत होता.
उद्या पहाटे अजून एक अपडेट सुटणार, तन्वीर सांगत होता.
बाईंच्या दाराशी गाडी उभी असेल,
बारीक निळा दिवा लागलेला.
एकाहत्तर नंबरला
कुणी विचारलंय का, माहीत नाही.